विश्वकोशांत कोणास जागा द्यावी?

अलीकडे मोठ्या शहरांतून एका व्यवसायानें चांगलेंच बाळसें धरलें आहे. तो करणारास मोटिव्हेशनल स्पीकर, म्हणजे स्फूर्तिदायक वक्ता, असें म्हणतात. परीक्षेंत खचलेल्या विद्यार्थ्यास, कंपनीच्या विक्रेत्यांस, अपयशानें गांजलेल्या व्यापाऱ्यास तो दोन तासांत उमेद देतो व त्याबद्दल मोबदला घेतो. यांत गैर कांहींच नाहीं. कीर्तनकारासहि बिदागी मिळत आलीच आहे. परंतु तिकीट काढण्यापूर्वीं गृहस्थ इंटरनेटवर त्या वक्त्याचें नांव शोधतो, आणि विकिपीडिया या विश्वकोशांत त्याच्या नांवाचें पान दिसलें कीं निर्धास्त होतो. म्हणून तें पान कोणास मिळतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड झाले. त्यांत काय घ्यावें व काय गाळावें याचा भार अखेर संपादकावर होता. १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झालेल्या विकिपीडियास ना खंडांची मर्यादा, ना प्रमुख संपादक. मग गाळावयाचें कोणीं? इंग्रजी विकिपीडियांत एखादें पान ठेवण्यालायक नाहीं असें कोणास वाटल्यास तो तशी सूचना मांडतो, व साधारणतः सात दिवस तिजवर खल होतो. तेथें मतें मोजावयाचीं नसतात, कारणें तोलावयाचीं असतात. वक्त्याचे पन्नास शिष्य एका रात्रींत येऊन 'ठेवा, ठेवा' म्हणून गेले, तरी तेवढ्यानें पारडें जड होत नाहीं.

मुख्य कसोटी अशी कीं, त्या व्यक्तीशीं लागाबांधा नसलेल्या विश्वसनीय लेखकांनीं, आपण होऊन, तिजविषयीं सविस्तर लिहिलें आहे काय? येथेंच वक्त्याची पंचाईत होते. त्याचें पुस्तक त्यानेंच लिहिलेलें. मुलाखत छापून आली, तरी तींत बोलणारा तोच. पुरस्कार म्हणावे, तर कांहीं फी भरूनहि मिळतात. वर्तमानपत्रांतील स्तुतिलेखाचेंहि तसेंच; पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या प्रकाराचा विचार भारतीय प्रेस कौन्सिलला २०१० साली करावा लागला होता. स्वतःविषयीं बोलणें हाच ज्याचा धंदा, त्याच्याविषयीं दुसरा काय म्हणतो हें शोधणें कठीणच!

याच धंद्यांतील डेल कार्नेगी मात्र या कसोटीस सहज उतरतो. १९१२ साली न्यूयॉर्कच्या वाय. एम. सी. ए. मध्यें त्यानें वक्तृत्वाचे वर्ग सुरू केले. माणसें जोडण्याच्या कलेवरील त्याचें पुस्तक १९३६ साली निघालें व अफाट खपलें. परंतु खप हें खरें प्रमाण नव्हे. तो १९५५ साली वारला, आणि २०१३ साली स्टीव्हन वॉट्स या इतिहासकारानें त्याचें विस्तृत चरित्र प्रसिद्ध केलें. कार्नेगीनें आपल्या मूळ आडनांवाचें स्पेलिंग बदलून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या नांवासारखें करून घेतलें होतें, वस्तुतः दोघांचें नातें कांहींच नव्हतें. असली गोष्ट जाहिरातीच्या पत्रकांत कोण छापील?

ही कसोटी बिनचूक आहे असें मात्र नाहीं. कॅनडांतील पदार्थविज्ञान संशोधक डोना स्ट्रिक्लंड यांच्यावरील पानाचा मसुदा मे २०१८ मध्यें नाकारला गेला. दिलेले आधार अपुरे, असें कारण झालें. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालें आणि त्याच दिवशीं पान तयार झालें. ज्या लेसर-संशोधनाबद्दल तें मिळालें, तें १९८५ सालचें! मोठाच प्रमाद, यांत शंका नाहीं. तेव्हां नियमच सैल करावा, असें कांहीं लोक म्हणतात, आणि बाईंचा दाखला पुढें करून वक्त्याचे चाहतेहि तीच मागणी करूं शकतील. पण ती मान्य करण्याजोगी नाहीं. बाईंच्या कार्याचा पुरावा होता; तो नीट धुंडाळला गेला नाहीं, इतकेंच. वक्त्याच्या कागदांची थप्पी पुष्कळदां मोठी असते, आणि तींतून त्याचे स्वतःचे शब्द वजा केले म्हणजे तारीख, सभागृहाचें नांव आणि तिकिटाचा दर एवढेंच हातीं उरतें.