त्रेपन्न रविवार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी विषय दिलाय, 'निवृत्तीनंतर मी'. माझ्या आधी बोललेल्या तिघांनी हिमालय, सेंद्रिय शेती आणि नातवंडं अशी तिन्ही क्षेत्रं काबीज केली आहेत. माझ्याकडे यातलं काही नाही. एसटीच्या डेपोत हिशेब लिहिण्यात नोकरी गेली, निवृत्त होऊन वारणाकाठच्या गावी परतलो आणि आमच्या मंडळीनं मला खजिनदार केलं. इथं मंडळी म्हणजे बायको असं समजू नका. तिच्या तिजोरीला हात लावायची परवानगी मला अजून मिळालेली नाही. ख्रिस्ती माणसं मंडळी म्हणतात ती एका देवळात उपासनेला जमणाऱ्या कुटुंबांना. आमच्या मंडळीच्या पटावर तेवीस कुटुंबं आहेत. त्यातल्या बारा घरांत संध्याकाळी दिवा लागतो. बाकीची पुण्यात, पिंपरीत, ठाण्यात.

काल चहाच्या वेळी एका मित्रानं विचारलं, "तुमचं ते कौलारू चर्च अजून चालू आहे का रे?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, म्हणून आज २०२३ सालाची रोजकीर्द तुमच्यापुढे उघडतो.

आमची घडण अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये त्यांचं काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. मिरजेचं डॉ. वॉन्लेस यांचं हॉस्पिटल तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तेही याच मिशनचं. पुढे १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. त्यामुळे आज आमच्या पाटीवर प्रेस्बिटेरियन हा शब्द नाही. पद्धत मात्र उरली आहे. त्या शब्दाच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ वडीलधारा माणूस. पाळकसाहेब उपदेश करतात, बाप्तिस्मा देतात, प्रभुभोजन देतात, पण मंडळीचा कारभार मंडळीनं निवडलेले वडील पाहतात. आमच्याकडे असे चार वडील आहेत. त्यातला सर्वांत धाकटा एकेचाळीस वर्षांचा, एमआयडीसीत नोकरीला. पुढे त्याच्याविषयी बोलायचं आहे.

२०२३ साल रविवारी सुरू झालं आणि रविवारीच संपलं. त्यामुळे त्या वर्षात त्रेपन्न रविवार आले. इतरांच्या ते लक्षातही आलं नसेल, पण आमच्यासारख्यांना एक रविवार जास्त म्हणजे एक उपासना जास्त. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या, आमच्याकडे ते पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी येतात. दोनदा आजारपणामुळे आले नाहीत, म्हणजे बावीस रविवार. उरलेले एकतीस आम्हीच चालवले. कुणी शास्त्रपाठ वाचायचा, कुणी प्रार्थना करायची, कुणी चार शब्द बोलायचे. पेटीवाला आला नाही तर टाळ्यांवर गायचं. 'उपासना संगीत' पुस्तकातली टिळकांची पदं टाळ्यांवर जास्त चांगली उठतात, हे माझं मत; पेटीवाल्याला सांगू नका.

जानेवारीचा पहिला आठवडा प्रार्थना सप्ताह. रोज रात्री एका घरी. जगभरातल्या मंडळ्या तो पाळतात, पण त्याचं आवाहन १८५८ साली लुधियान्याच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी केलं होतं, हे आमच्यातही फार जणांना माहीत नाही. सप्ताह संपला की वार्षिक सभा. त्या सभेत आमच्या धाकट्या वडिलांनी ठराव मांडला: आपली रविवारची उपासना बंद करावी आणि चौदा किलोमीटरवरच्या मोठ्या मंडळीत सामील व्हावं.

सभा एकदम गप्प झाली. मग सगळे एकदम बोलायला लागले. त्याचं म्हणणं मात्र कुणी नीट खोडू शकलं नाही. त्याच्या दोन मुली. आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, त्या दोघीच विद्यार्थिनी. वर्गात पहिली येणारीही तीच, शेवटची येणारीही तीच. तो म्हणाला, माझ्या मुलींना देवळात त्यांच्या वयाचं एक तरी माणूस दिसू दे. शिवाय छप्पर गळतंय. गवंड्यानं सांगितलेला आकडा एक लाख पंच्याऐंशी हजार आणि आमचं रविवारचं अर्पण सरासरी साडेतीनशे रुपये. मोठ्या मंडळीत मुलांचे चार वर्ग आहेत, तरुण संघ आहे, पाळक तिथंच राहतात. निर्णय एक वर्ष पुढे ढकलला. ढकलणं हे आमच्या सभांचं आवडतं काम, पण या वेळी ते शहाणपणाचं होतं असं वाटतं.

मार्चचा पहिला शुक्रवार बायकांचा, जागतिक प्रार्थना दिन. त्या वर्षीचा कार्यक्रम तैवानमधल्या बायकांनी लिहिला होता. तैवान कुठं आहे ते दोन्ही मुलींनी शाळेच्या नकाशात शोधून आज्यांना दाखवलं.

उत्तम शुक्रवार ७ एप्रिलला आला. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन, येशूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं अशी रीत. मोठ्या मंडळीत सात वक्ते सहज मिळतात, आमच्याकडे फेब्रुवारीपासून शोधमोहीम. पाळकसाहेब बाकीच्या दोन मंडळ्या करून शेवटच्या उद्गारापुरते पोहोचतात. बाकी सहा जणांत एक निवृत्त परिचारिका, एक ट्रॅक्टर चालवणारा, एक अंगणवाडीताई. ट्रॅक्टरवाला तीन मिनिटं बोलला आणि रडायला लागला, पुढचं काही बोललाच नाही. मी आजवर ऐकलेल्या उत्तम शुक्रवारच्या उपदेशांत तो मला वरच्या नंबरला ठेवावासा वाटतो.

मे महिन्यात पुणे-ठाणे गावी येतं. बाक अपुरे पडतात, अर्पणाच्या पिशवीत पाचशेच्या नोटा दिसतात आणि 'आपलं चर्च कसं टिकवायला हवं' यावर भाषणं होतात. जूनमध्ये भाषणं परत जातात.

त्या वर्षी पाऊसही उशिरा आला. जुलैच्या शेवटी मात्र झोडपून काढलं. देवळात आठ ठिकाणी गळती, आठ बादल्या. ऑगस्ट उजाडला आणि पाऊस गायब. देशात शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो हाच. त्या ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीतली सर्वांत वयस्कर बाई गेली.

तिच्याबद्दल थोडं सांगतो. आमच्या प्रभुभोजनाला द्राक्षरस लागतो. ताजा रस बारा महिने कुठून आणायचा? म्हणून तासगावचे बेदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, कुस्करायचे, पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. चाळीसपेक्षा जास्त वर्षं हे काम तिच्याकडे होतं. बेदाणे किती, पाणी किती, उकळी किती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. देवळाची किल्लीसुद्धा तिच्याच घरी, चुलीमागच्या खिळ्याला.

ती गुरुवारी पहाटे गेली. पाळकसाहेब परगावी होते, संध्याकाळपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. म्हणून अंत्यविधी वडिलांनी करायचा ठरला. आमच्या पद्धतीत तसं करता येतं. करायची पाळी मात्र धाकट्या वडिलांवर आली, कारण बाकीच्या तिघांतला एक तिचा मुलगा, एक रुग्णालयात आणि एकाला गुडघ्यामुळे उभं राहवत नाही. जमीन दगडासारखी झालेली. खड्डा खणायला आमच्यातले अंगानं धड असे चारच पुरुष. तासाभरात गुडघ्याएवढंही खणून झालं नव्हतं. तेवढ्यात तालमीची पोरं कुदळी घेऊन आली. त्यातल्या दोघांच्या बाळंतपणात ही म्हातारी त्यांच्या आयांजवळ बसलेली होती. पोरांनी दुपारी दोनपर्यंत खड्डा पुरा केला, घाम पुसला आणि प्रार्थना संपेपर्यंत टोप्या काढून भिंतीपाशी उभी राहिली. धाकट्या वडिलानं शास्त्रपाठ वाचला. आवाज एकदाच अडखळला.

सप्टेंबरच्या प्रभुभोजनाला रस सुनेनं केला. जरा पातळ झाला होता. सगळ्यांना कळलं, कुणी बोललं नाही. ऑक्टोबरला बरा जमला.

आता कापणीच्या सणाकडे येतो, कारण मंडळीचं अर्थकारण त्याच्यावर चालतं. शेतातलं पहिलं पीक देवळात आणून वाहायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. आमचा सण नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी. पण २०२३ मध्ये त्या दिवशी, १२ तारखेला, लक्ष्मीपूजन आलं. लिलावातले निम्मे गिऱ्हाईक आमचे हिंदू शेजारी, ते कसे येणार? सण १९ तारखेला ढकलला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या दिवशी विश्वचषकाची फायनल आहे, अहमदाबादला, दुपारी दोनला. पाळकसाहेबांना विनंती झाली की उपदेश आटोपता घ्या. त्यांनी घेतला. साडेअकराला लिलाव सुरू.

सोयाबीन त्या साली हलकं होतं, पण भात, भुईमूग, केळीचे दोन घड, गुळाचा एक रवा, अंडी आणि एक कोहळा आला होता. कोहळा आधी चारशेला गेला. घेणाऱ्यानं तो परत दान केला, मग सहाशेला गेला, तोही परत, शेवटी हजाराला सरपंचांनी घेतला आणि 'आता परत मागू नका' म्हणून काखेत मारून निघून गेले. एक तलंग दोरी तोडून व्यासपीठाखाली शिरली, ती शोधण्यात वीस मिनिटं गेली आणि त्याच गडबडीत तिची किंमत वाढली. एकूण जमा सत्तावीस हजार सहाशे चाळीस. दोनला पाच मिनिटं असताना देऊळ रिकामं. मॅचचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच.

छपरासाठी लोकांनी आकडे लिहून दिले होते, ते वेळेवर आले नाहीत. ऊसदराच्या आंदोलनात कारखाने उशिरा सुरू झाले, मग बिलं उशिरा, मग आमचे आकडेही उशिरा. गावातल्या देवळाचा, मशिदीचा, चर्चचा खजिनदार कुणीही असो, त्याचं कॅलेंडर कारखान्याच्या भोंग्यावर चालतं.

नाताळला दीडशेच्या वर माणसं होती. फराळाची ताटं गावभर गेली. दिवाळीत आलेली ताटं रिकामी परत करायची नसतात. ३१ डिसेंबरला रविवार असल्यामुळे सकाळी एक उपासना आणि रात्री वर्षाच्या निरोपाची दुसरी. रात्री अकराला आम्ही अकरा जण होतो.

आणि मग २०२४च्या जानेवारीतली वार्षिक सभा. ठराव पुन्हा पटलावर. धाकट्या वडिलानं तो मागे घेतला नाही. त्यानं घ्यावा असं मलाही वाटत नव्हतं, कारण त्याच्या मुलींचा प्रश्न वर्षभरात सुटलेला नव्हता, उलट धाकटी मला विचारू लागली होती, "आज पण आम्ही दोघीच का?" दुसऱ्या बाजूनं म्हातारीच्या मुलानं एवढंच म्हटलं की चौदा किलोमीटरवरच्या माणसांना आपल्या मयतीची वेळ तरी कळेल का. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. एका बाजूला लहान मुलं, दुसऱ्या बाजूला म्हातारी माणसं, आणि दोघांची गरज खरी.

चिठ्ठ्या टाकल्या. एकतीस जण हजर, पाळकसाहेब अध्यक्ष म्हणून मतदानाबाहेर. अठरा विरुद्ध बारा, उपासना गावातच चालू राहावी. मी कुणीकडे होतो ते विचारू नका, चिठ्ठी ती चिठ्ठी. निकाल लागल्यावर हरलेल्या माणसानंच दुरुस्ती सुचवली: महिन्याचा शेवटचा रविवार देऊळ बंद ठेवून सगळ्यांनी टेम्पोनं मोठ्या मंडळीत जायचं, मुलींना तिथल्या वर्गात बसवायचं. ती एकमतानं मंजूर झाली. टेम्पो त्याच्या मेव्हण्याचा आहे, डिझेल मंडळीचं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पहिली फेरी झाली. थोरली खूश होऊन आली. धाकटी म्हणाली, तिथं कुणी माझं नाव विचारलं नाही. पुढच्या फेरीला बघू.

देवळाची किल्ली आता त्याच्याकडे असते.

 येत्या उत्तम शुक्रवारसाठी सातपैकी पाच वक्ते मिळाले आहेत. कौलं मेमध्ये उतरवायची, पाऊस यायच्या आत. आणि कापणीचा सण नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी. तुम्ही सगळ्यांनी या. येताना पिशव्या आणि सुटे पैसे आणा. कोहळा मिळेल याची खात्री देत नाही, सरपंचांनी आत्तापासून विचारणा केली आहे.