बहिर्जात



'तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग,' असा संयोजकांचा आग्रह होता. पण सॉफ्टवेअरवर बोलले तर जेवणाआधीच तुम्ही पेंगाल. म्हणून एकाच शब्दाबद्दल बोलते : 'एक्झॉजिनस', मराठीत बहिर्जात. ज्याचा उगम बाहेर आहे ते बहिर्जात आणि जे आतच उपजतं ते अंतर्जात.

ही जोडी आपल्याला भूगोलाच्या तासाला भेटली होती. ज्वालामुखी आणि भूकंप ही पृथ्वीच्या आतली कारणं. नदी, वारा, लाटा ही बाहेरची. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हा होऊन वर आला. त्यातून दऱ्या कोरल्या त्या पावसाने आणि नद्यांनी.

आमच्या कामात हा शब्द मॉडेल बनवताना येतो. शेतीच्या जमाखर्चाचं मॉडेल केलं तर पाऊस बहिर्जात. त्याचा आकडा बाहेरून घ्यायचा. हवामानाच्या मॉडेलमध्ये मात्र पाऊस आतल्या गणितातूनच निघतो. पाऊस तोच, पण सीमारेषा कुठे आखली त्यावर 'बाहेरचा' की 'आतला' हे ठरतं. हा शब्द फक्त उगम सांगतो. चांगलं की वाईट, अस्सल की नक्कल, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

हे मला नीट समजलं ते घरी. माझ्या लेकीला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी किंवा आईवडिलांच्या लाडांशी याचा संबंध नाही. आतलं इन्सुलिन संपलं, की बाहेरून घ्यावंच लागतं. नातेवाईक काळजीने म्हणायचे, "अगं, बाहेरच्या इन्सुलिनची सवय लागेल पोरीला!" कुणी काढा सुचवला, कुणी इंजेक्शन हळूहळू बंद करायला सांगितलं. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद करणं जिवावर बेततं.

१९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन मिळालं, तेव्हा ते गुराच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार काळ जगत नसत. आज मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून घेतात. आपल्या पेशींवरचे ग्राहक ते कुठून आलं हे विचारत नाहीत. इन्सुलिन जोडलं गेलं की साखर आत घ्यायचं काम सुरू होतं.

फरक ओळखणारी एक तपासणी आहे. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर सी-पेप्टाइड नावाचा तुकडाही रक्तात सोडतं. टोचलेल्या इन्सुलिनबरोबर तो येत नाही. म्हणून शरीर स्वतः किती बनवतंय हे डॉक्टरांना कळतं. 'बहिर्जात'चा उपयोग एवढाच : हिशेब नीट लागावा.

आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, बरेचसे पालक आहेत. तुमच्यापुढे एक विनंती ठेवते. वर्गात एखादं मूल साखर तपासायला मध्येच उठलं, तर त्याला थांबवू नका. घाम फुटला, हात थरथरू लागले, तर ते नाटक समजू नका. साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी त्याला लगेच ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी घेऊ द्या आणि एकटं सोडू नका. ते गिळण्याच्या अवस्थेत नसेल, तर तोंडात काही घालू नका, तडक डॉक्टरांना बोलवा. आणि डबा खाण्याआधी ते इंजेक्शन घेत असेल, तर बाकीच्या मुलांना सांगा, की त्याच्या शरीरात जे बनत नाही ते ते बाहेरून घेतंय.

माझी लेक आता सोळा वर्षांची आहे. स्वतःचा डोस स्वतः मोजते, आणि तिचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे.