बर्फाचा वळसा आणि परक्याची ओसरी

(आपल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात निरवांगी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या नव्या सभागृहाविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. तिचे पालन आम्ही करणारच; मात्र आमची वाट थोडी दूरची असून ती हिमालयातून जाते, एवढे आधीच सांगून ठेवतो.

केदारनाथ आणि बद्रीनाथ ही दोन धामे नकाशावर पाहिली तर सरळ रेषेत एकमेकांपासून अवघी ४० किलोमीटर दूर आहेत. म्हणजे बारामतीपासून इंदापूर जितके, त्याहून काहीसे कमीच. परंतु मध्ये चौखंबाची ७,००० मीटरांहून उंच हिमशिखरे उभी आहेत. म्हणून पायी जाणाऱ्या यात्रेकरूस केदारनाथाहून पुन्हा खाली गुप्तकाशी व उखीमठापर्यंत उतरावे लागे. तेथून तुंगनाथाचा डोंगर ओलांडून मंडल, गोपेश्वर, चमोली आणि मग जोशीमठावरून बद्रीनाथ, असा हा सुमारे शंभर मैलांचा वळसा होता. एकच पुजारी एका दिवसात दोन्ही देवळांत पूजा करीत असे, अशी दंतकथा त्या भागात आहे. १९३४ साली शिप्टन व टिल्मन हे दोघे इंग्रज गिर्यारोहक तीन शेर्पांसह बद्रीनाथाकडून सरळ तो डोंगर ओलांडण्यास निघाले. त्यांनी तो ओलांडलाही. पण पलीकडच्या घनदाट रानात शिधा संपला आणि बांबूचे कोंब खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. अखेर एका लहानशा वस्तीवर पोहोचले, तेव्हा कोठे पोटाला आधार मिळाला. पुजाऱ्याची ती वाट त्यांस काही सापडली नाही. फार कशाला, खुद्द केदारनाथाची पूजाही हिवाळ्यात उखीमठास उतरते. जेथे देव बर्फापुढे माघार घेतो, तेथे माणसाने वळशाची लाज का बाळगावी?

शंभर मैलांच्या या वळशात यात्रेकरू जगे तो चट्ट्यांच्या आधारावर. चट्टी म्हणजे वाटेवर दर काही मैलांनी असलेला मुक्काम. तेथील दुकानदार उतरावयास जागा आणि स्वयंपाकास भांडी फुकट देई. यात्रेकरूने पीठ, डाळ, तूप तेवढे त्याच्याकडून घ्यावे, अशी रीत होती. यात व्यापार होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण दिवस मावळताना दमूनभागून आलेल्या परक्यास छप्पर मिळे, हेही तितकेच खरे. ज्याच्या गाठीस शिध्यापुरतेही पैसे नसत, त्याच्यासाठी ऋषिकेशच्या काली कमलीवाले बाबांनी, म्हणजे स्वामी विशुद्धानंदांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाटेवर धर्मशाळा व सदावर्ते उभी केली. काळी कांबळी पांघरणारा म्हणून काली कमलीवाला! आपल्या घोंगडीचाच तो उत्तरेकडील भाऊबंद म्हणावयाचा.

त्याच्याही शंभर वर्षे आधी, ज्यांच्या नावाचा आपण समाज म्हणून रास्त अभिमान बाळगतो, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी केदारनाथ व बद्रीनाथ या दोन्ही ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या आणि १७९५ पर्यंत महेश्वरातून राज्य चालविणाऱ्या या बाईंना त्या वाटेवरचा यात्रेकरू कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्यास थंडी वाजते, एवढे मात्र ठाऊक होते.

१९६२ च्या युद्धानंतर मोटाररस्ता बद्रीनाथपर्यंत गेला आणि चट्ट्या ओस पडल्या. तरीही १९९८ च्या मे महिन्यात, शाळेच्या सुटीत, आम्ही तिघे शिक्षक उखीमठाहून जुन्या वाटेने पायी निघालो. दोन दिवस वर बर्फ पडत होते. चोपत्याच्या अलीकडे एका चहावाल्याने आम्हांस अडविले. आमच्या पायांतील कापडी जोडे पाहून तो म्हणाला, "गुरुजी, पुढे जाऊ नका, मक्कूला उतरा." तो नुसते सांगून थांबला नाही, दुकानास फळी लावून फाट्यापर्यंत सोबत आला. मक्कू गावात काळोख पडता पडता एका वृद्ध माउलीने ओसरीवरून हाक मारली. चुलीपाशी आमचे मोजे वाळत घातले, मंडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी आणि घट्ट डाळ वाढली. भाषा निम्मीच कळत होती. सकाळी आम्ही पैसे पुढे केले. त्या बाईंनी ते परत सारले आणि पदराच्या गाठीतला एक रुपया काढून आमच्याच हातावर ठेवला. "बद्रीविशालला माझा म्हणून वाहा," एवढेच त्या बोलल्या. भीरीकडे उतरून, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग व चमोलीवरून आम्ही आणखी किती दिवस चाललो, ते सांगत बसत नाही. तो रुपया मात्र पोहोचता केला.

आता आपल्या गावाकडे येऊ. बारामती-इंदापूरकडील आपले वाडवडील पावसाळा सरला की मेंढरे घेऊन घाट उतरत, कोकणापर्यंत जात. आजही काही वाडे जातात. परक्याच्या शेतात मेंढरे बसवावीत, शेतकऱ्यास खत मिळावे, आपणांस धान्य मिळावे, हाही चट्टीसारखाच व्यवहार. पण आडरानात बाळंत झालेल्या बाईस एखाद्या घरातून गरम पाणी आले, अशा गोष्टी येथील कोणत्या म्हाताऱ्याने ऐकविल्या नाहीत? त्या घराचे नाव कोणास आठवत नाही. पाणी आठवते.

आपल्या सभागृहाच्या नियमांचा मसुदा आम्ही वाचला. मुक्कामाच्या कलमात "फक्त ज्ञातिबांधवांसाठी" असे शब्द आहेत. लग्नकार्यास तो नियम खुशाल असू द्यावा; वर्गणी आपण दिली आहे. परंतु आषाढात वारीच्या दिंड्या आपल्या या भागातून जातात, हंगामात ऊसतोडणीची कुटुंबे मुलाबाळांसह येतात, आणि पावसात वाट चुकलेला माणूस तर कोणीही असू शकतो. अशा वाटसरूसाठी पुढची पडवी रात्री उघडी असावी. बाहेरच्या बाजूस पाण्याचा नळ व एक दिवा असावा. किल्ली चिटणीसांच्या घरी न ठेवता सभागृहाला लागून ज्यांचे घर आहे त्यांच्याकडे असावी. कारण रात्री अकरा वाजता भिजलेला माणूस चिटणीसांचे घर शोधणार नाही. मसुद्यातील ते दोन शब्द वाटसरूपुरते सभेने आजच गाळावेत, अशी आमची सूचना आहे. अनुमोदन कोण देतो, ते अध्यक्षांनी पाहावे.