सिंकखालची गळती
सिंकखाली ओल दिसली की लोक थेट पान्याला हात घालतात. आधी फडक्याने सगळे जोड कोरडे करावेत आणि नळ बंद ठेवून थोडं थांबावं. तरीही थेंब आला, तर दोष पाणी आणणाऱ्या जोडणीत; नळ सोडल्यावरच आला, तर बहुधा वेस्ट पाइपमध्ये.

अँगल कॉक आणि कनेक्शन पाइपच्या जोडात पाणी अडवतो तो नटातला रबरी वॉशर. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची हौस फुकटच! टेप हवी अँगल कॉक भिंतीत बसतो त्या आट्यांवर.

वॉशर कडक झाला असेल तर अँगल कॉक बंद करून तो बदलावा. नट हाताने आवळल्यावर पान्याने पाव फेरा पुरे. जास्त जोराने वॉशर चिरतो.

अँगल कॉकच फिरत नसेल, तर आधी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.