मामाकडची
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. आयटीबद्दल ज्यांना विचारायचंय, त्यांनी जेवणाच्या वेळी मुलांना घेऊन या, मी इथेच आहे.

तुमच्यापैकी अनेकांना माझं आडनाव आजही आठवत नसेल. हजेरीपटावर काहीही असलं, तरी मेहकरात मी ‘मामाकडची’ होते. पाचवीच्या सुरुवातीला आई गेली. वडिलांना एकट्याने घर, शेत आणि मी, हे जमेना. मामा येऊन मला घेऊन गेला. मामीने मला तिच्या मुलासोबत एकाच ताटात वाढलं. सणाला दोघांना कपडे एकाच दिवशी आले. हे आधीच सांगते, कारण पुढे जे बोलणार आहे त्यात त्या दोघांचा काडीचाही दोष नाही.

माझ्या दप्तराला सारख्या मुंग्या लागायच्या, आठवतं? तुम्ही हसायचे, मीही हसायची. मी रोज अर्धी भाकरी दप्तरात लपवून ठेवायची. मामीकडे खायला कमी नव्हतं. पण उद्या इथूनही पाठवलं, तर वाटेत खायला असावं, असं मला वाटायचं. आठवीपर्यंत हे चाललं. मामीला ठाऊक होतं. ती गुपचूप दप्तर झटकायची आणि काही बोलायची नाही. मीही बोलले नाही. एवढ्या मायेच्या घरात ‘मला भीती वाटते’ म्हणणं हा कृतघ्नपणा झाला असता.

मी इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं. हा विषय संपला असं मी धरून चालले होते.

एप्रिल २०२१ मध्ये मामाचा मुलगा आणि वहिनी, दोघंही कोरोनाने गेले. अकरा दिवसांच्या अंतराने. मामा आधीच गेला होता. मागे उरली अडुसष्ट वर्षांची मामी आणि आठ वर्षांची नात. तिला मी इथे ‘छोटी’ म्हणते.

सरकारी मदत मिळाली, आणि ती मोलाची होती. कोरोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव दिली, केंद्राच्या पीएम केअर्स योजनेत १० लाखांची तरतूद झाली. बालसंगोपन योजनेचे तेव्हा महिन्याला ११०० रुपये मिळत, २०२३ पासून ते २२५० झाले. आज त्या योजनेला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, आणि ते शोभतंही. जोतीरावांची आई ते तान्हे असतानाच गेली. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्याच बाईंनी. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतलं. नात्यातलं आणि नात्याबाहेरचं, दोन्ही पालकत्व त्या एका घराने पाहिलं होतं.

पण मामीच्या घरात काय चाललंय, हे कुठल्याच अर्जात लिहायला जागा नव्हती. छोटी बोलेनाशी झाली. शाळेत जायची, जेवायची, अभ्यास करायची, पण हो-नाहीच्या पुढे शब्द नाही. मी फोनवर विचारलं की मामी म्हणायची, “तिले काय झालं? जेवते, झोपते. लहान लेकरू हाय, इसरून जाईन.” एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजीने लाडावून ठेवली आहे. मामीचं बीपी वाढत गेलं. जून २०२२ मध्ये मी दोघींना पुण्याला आणलं.

इथे एक कागदाची गोष्ट सांगते. बाल न्याय कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे कोण, हे ठरवून दिलंय: काका-मामा, आत्या-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. मी छोटीच्या बापाची आतेबहीण. ती मला आत्याच म्हणते, पण त्या व्याख्येत माझ्यासारखी आत्या बसत नाही. कागदावर पालक आजही मामीच आहे. आपल्याकडे अशी किती घरं असतील! लेकरू ज्याच्या ताटात जेवतं, त्याचं नाव कागदावर नसतं, म्हणून त्याला कुणी विचारतही नाही, की बाई, तुला झेपतंय का?

पुण्यात मी काय केलं? माझा धंदाच चूक शोधून दुरुस्त करण्याचा. मी वेळापत्रक केलं, चित्रकलेचा वर्ग लावला, पोहण्याचा लावला. सहा महिन्यांत काही फरक पडला नाही. मग मी चिडले. एका रात्री मी त्या पोरीवर ओरडले, “एवढं करतोय तुझ्यासाठी, निदान बोल तरी!” ती उठून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी गादीखाली मला बिस्किटांचे चार पुडे सापडले.

मी खाली बसले. माझ्याइतकं हे कुणाला कळायला हवं होतं? आणि मलाच कळलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही समुपदेशक बाईंकडे गेलो. दोन-तीन वेळा छोटीशी बोलून त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी मुलीला नको, तुम्हाला आणि आजीला भेटायचंय.” मामी तयार नव्हती. “मी काय येडी हाय?” शेवटी माझ्या सोबतीला म्हणून आली. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला: तुमच्या मुलाचं नाव घरात शेवटचं कधी घेतलं? मामी बराच वेळ गप्प होती. मग तिचा बांध फुटला. नाव घेतलं की पोर रडेल, म्हणून तिने दीड वर्ष मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आणि पुढे छोटीने सांगितलं, की आजी रडेल म्हणून ती बाबांबद्दल विचारत नव्हती. एका घरात दोघी एकमेकींना जपत मुक्या झाल्या होत्या.

आता दर रविवारी मामी तिला बापाच्या लहानपणीची एक गोष्ट सांगते. तुमच्यापैकी काही जण त्या गोष्टींत आहेत. पैनगंगेत पोहायला गेल्याबद्दल कुणी कुणाचा मार खाल्ला, हे बारा वर्षांच्या पोरीला पाठ आहे. सगळं ठीक झालं असं मात्र म्हणणार नाही. मला साधा खोकला झाला तरी ती न बोलता ऑक्सिमीटर आणून माझ्या बोटाला लावते, आणि आकडा दिसेपर्यंत हलत नाही.

हे आज इथे सांगण्याचं कारण आपला जिल्हा. कोरोना आता आला. त्याच्या कितीतरी आधीपासून बुलडाण्यात शेतकरी आत्महत्यांनंतर मुलं आजी-आजोबांकडे, काका-मामांकडे वाढत आहेत. २००६ पासून पात्र कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात, त्यातही पात्र-अपात्रतेचा घोळ असतो. ‘प्रेरणा प्रकल्पा’त विदर्भ-मराठवाड्याच्या ज्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशन सुरू झालं, त्यात आपला जिल्हा आहे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतो. मुलांसाठी १०९८ आहे. सेवा आहेत. पण लेकरू सांभाळणारी म्हातारी कधी फोन करत नाही, कारण “आपलंच लेकरू, त्यात काय सांगायचं?”

आपल्या तुकडीत आज शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, एसटीत आहेत, कृषी केंद्र चालवणारे आहेत. शिक्षकांना हात जोडून विनंती, की शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भरवर्गात “आई-वडील नसलेल्यांनी उभं राहा” म्हणू नका. मी अशी उभी राहिले आहे. बाजूला बोलावून विचारा, आणि त्याला सांभाळणाऱ्यालाही शाळेत बोलवा, नुसतं प्रगतिपुस्तकावर सही करायला नव्हे.

दुसरी विनंती आज जमणाऱ्या निधीबद्दल. वह्या-दप्तरं द्यावीतच. पण त्यातला काही भाग वेगळा ठेवूया. मेहकरहून बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात समुपदेशनाला जायचं, तर आजीची एका दिवसाची मजुरी बुडते, दोघांचं तिकीट लागतं. एकदा जाऊन भागत नाही, दहा-बारा वेळा जावं लागतं. ती मजुरी आणि ते तिकीट आपण द्यावं. पहिल्या वर्षी पाच घरं धरू. माझा वाटा मी कोषाध्यक्षांकडे सकाळीच दिला आहे.

मामी आज आली आहे, शेवटच्या रांगेत बसली आहे. काल रात्री मी तिला पहिल्यांदाच विचारलं, भाकरी ठाऊक होती, तर तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तुले लाज वाटली असती. पन आता वाटते, इचारलं असतं त बरं झालं असतं.”

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेलच. या आठवड्यात तिथे जा, आणि विचारा.