चित्रास जीव देणारे हात
(महोत्सवानिमित्त भरलेल्या युवकसभेंतील भाषण)



संगणकावरील खेळांतील पात्रें हलविण्याची विद्या शिकावी कीं नाहीं, असा प्रश्न आपल्या कित्येक घरांत हल्लीं निघतो. ‘यांत पोट भरेल काय?’ असें आईबाप आम्हांस विचारतात. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हें काम आहे तरी काय, तें पाहूं.

‘अ‍ॅनिमेशन’ ह्या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन ‘अनिमा’ आहे. अनिमा म्हणजे जीव. सेमिनरींत लॅटिन घोकलेल्या आम्हांस तरी हा शब्द परका वाटत नाहीं. चित्रपटांतील पात्रास जीव देणें आणि खेळांतील पात्रास जीव देणें यांत मात्र मोठा भेद आहे. चित्रपटांत पात्रानें केव्हां उडी मारावी हें कलावंत ठरवितो. खेळांत तें खेळणाराचा अंगठा ठरवितो. चित्रपटांत एका सेकंदास २४ चित्रें पुरतात. खेळांत बहुधा ३० किंवा ६० लागतात. ६० असलीं तर एका चित्राच्या वाट्यास सेकंदाचा साठावा हिस्साच येतो.

डिस्ने यांच्या चित्रशाळेंतील फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन ह्या दोघां जुन्या कलावंतांनीं १९८१ सालीं ह्या कलेचे बारा नियम ग्रंथरूपानें मांडले. त्यांतील एक पूर्वतयारीचा : उडी मारण्याआधीं माणूस गुडघे वांकवितो, अंग आंखडून घेतो. पण खेळांत नायक असा सावकाश वांकूं लागला तर खेळणारा खड्ड्यांत पडलाच म्हणावयाचें! म्हणून नायकाची पूर्वतयारी दोनचार चित्रांतच उरकतात आणि अंगाचें वजन तो जमिनीवर उतरतो तेव्हां दाखवितात. शत्रूचें नेमकें उलट. त्याचा हात चांगला उंच, सावकाश जावा लागतो, कारण घाव येतो आहे हें खेळणारास आधीं कळलें पाहिजे. नियम मोडावयाचा तो कोठें व किती, हें ज्यास समजलें त्यास अर्धी विद्या आली.

जॉर्डन मेकनर ह्या अमेरिकन तरुणानें आपल्या धाकट्या भावास धांवावयास, उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें, आणि एकेक चित्र गिरवून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ सालीं बाहेर काढला. भाऊ आणि कॅमेरा तर आपल्याही घरीं आहेत. ब्लेंडर नांवाचें साधन २००२ पासून सर्वांस मोकळें आहे; त्यास पैसा पडत नाहीं. आरंभ चेंडूपासून करावा : एक रबराचा, एक लोखंडाचा. मग चालणें, वळणें, थांबणें. धांवण्याच्या फेऱ्यांत शेवटचें चित्र पहिल्यास बेमालूम मिळालें पाहिजे. मग तें पात्र अनरियल किंवा युनिटीमध्यें घालून स्वतःच्या अंगठ्याखालीं चालवून पाहावें. कोळीण भरली टोपली डोईवर घेते तेव्हां तिची मान व कंबर काय करते, हें ज्यानें निरखून पाहिलें आहे, त्याच्या मिनिटभराच्या नमुन्यास दहा उडत्या राक्षसांहून अधिक मान मिळतो. उत्तम काम नमुन्याच्या आरंभींच ठेवावें. पाहणारास वेळ थोडा असतो.

नटाच्या अंगावर खुणा लावून हालचाल टिपणारीं यंत्रें आलीं, तरी टिपलेलें स्वच्छ करणें, कापणें, सांधणें हें हातांकडेच राहिलें. नवख्यास पुष्कळदां हेंच काम प्रथम मिळतें. त्यास नाक मुरडूं नये.

आतां पोटाची गोष्ट. युबिसॉफ्टसारखी कंपनी २००८ सालीं पुण्यास आली, तेव्हां हें काम सातासमुद्रांपलीकडचेंच आहे असें नाहीं. परंतु मायक्रोसॉफ्टनें जानेवारी २०२४ मध्यें खेळांच्या विभागांतून सुमारें १,९०० जागा कमी करण्याचें जाहीर केलें, आणि पुढच्याच महिन्यांत सोनीच्या प्लेस्टेशननें सुमारें ९००. तीं माणसें शिकलेलीं, अनुभवी होतीं. आज नवखा त्यांच्याच रांगेंत उभा राहतो. म्हणून दागिने गहाण टाकून फी भरण्याआधीं, आईबापांनो, त्या संस्थेच्या मागील विद्यार्थ्यांचें काम डोळ्यांनीं पाहा, व ते कोठें नोकरीस आहेत हें त्यांनाच विचारा. जाहिरातींतील हंसऱ्या चेहऱ्यांवर आमचा फारसा भरंवसा नाहीं.

आणि मुलास तूर्त सहा महिने घरींच तो चेंडू उडवूं द्या. त्यास वजन आलें कीं नाहीं, हें शेजारचीं पोरेंसुद्धां सांगतील.