घरात येणारी धूळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी धुळीवर बोलणार आहे. लासलगावच्या बायकांना धूळ नवी नाही. खळ्यावर कांदा निवडताना ती अंगावर बसते. घरी येऊन आपण पदर झटकतो. पण शेजारी इमारत उठू लागली, की तिची धूळ अशी झटकून जात नाही.

ओट्यावर दिसते ती जाड धूळ. ती बहुधा नाकाघशातच अडकते. भीती आहे ती न दिसणाऱ्या धुळीची. आपला केस सुमारे 70 मायक्रोमीटर जाड. हे कण 10 पेक्षा, काही तर 2.5 पेक्षाही लहान. ते फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. मग दमेकऱ्याला धाप लागते, पोरांचा खोकला हटत नाही. वाळूत, दगडात सिलिका असते. फरशी कोरडीच कापली की ती उडते. वर्षानुवर्षे ती श्वासातून गेली, तर मजुरांना सिलिकोसिस जडतो. तो बरा करणारे औषध नाही. तेव्हा घमेले वाहणाऱ्या बाईचा विचार आधी, आपला मागून.

मुंबईत ऑक्टोबर 2023 मध्ये हवा फार बिघडली. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, महापालिकेने बांधकामांना नियम घातले : भोवती उंच पत्रे, इमारतीला कापडाचे आच्छादन, पाण्याचा फवारा, राडारोडा झाकूनच न्यायचा. यातले आपल्या गावी न होण्यासारखे काय आहे? उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते हे खरे. पण वाळूवर ताडपत्री घालायला पाणी लागत नाही.

घरात कोरडा झाडू मारू नका; बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसा. काम चालू असताना त्या बाजूची खिडकी लावा. नाकाला लावलेल्या पदरातून बारीक कण आत जातात. एन-95 मुखपट्टी बरी. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर काढा पीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

भगिनींनो, घर बांधणारा आपलाच शेजारी असतो. भांडण नको. चौघीजणींनी मिळून जावे, गोडीने सांगावे. न ऐकल्यास गावच्या कारभाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. त्याच्या वास्तुशांतीचे पेढे आपण आनंदाने खाऊ. मात्र तोवर शेजारच्या आजीचा श्वास कोंडता कामा नये.